क्रूझ संपतेय, उद्या विमान आहे आणि फोनला नेट नाही. मग बोर्डिंग पास काढायचा कसा?

समजा, नाशिकचं एक जोडपं न्यू जर्सीला लेकीकडे गेलंय. लेकीनं हौसेनं आईबाबांना फ्लोरिडातल्या मायामीहून निघणाऱ्या बहामाजच्या क्रूझवर पाठवलं. आज क्रूझचा शेवटचा दिवस. आई डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघत बसलीय, बाबा तिसऱ्यांदा आईस्क्रीम आणायला गेलेत. जहाजावर चढण्याआधी लेकीचा फोन आला होता.

"बाबा, न्यू जर्सीच्या फ्लाइटचं चेक-इन आदल्या दिवशी करायचं बरं का, विसरू नका."

"करतो गं. अॅपच तर उघडायचंय."

आता अॅप काही उघडत नाही. चहूबाजूंनी पाणी, फोनला रेंज नाही आणि जहाजाचं वायफाय घ्यायचं तर दिवसाला साधारण २० ते ३० डॉलर. बाबांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि आईस्क्रीमची चवच गेली. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. चेक-इन झालं नाही तर उद्या विमानात बसू देतील का?

बसू देतील. पण कधी नुसतं हसत हसत बसू देतात आणि कधी चांगले पाच-सहा हजार रुपये कापून घेऊन बसू देतात. फरक नेमका कुठे पडतो, ते बघू.

आधी एक घोळ मिटवू. तिकीट, चेक-इन आणि बोर्डिंग पास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट म्हणजे तुमच्या नावानं जागा घेतलीय याचा करार. चेक-इन म्हणजे "हो, मी येतोय" असं कंपनीला कळवणं. आणि बोर्डिंग पास म्हणजे त्या कळवण्याची पावती. त्यावरच्या बारकोडमध्ये तुमचं नाव, बुकिंगचा सहा अक्षरी कोड म्हणजे पीएनआर, फ्लाइट नंबर आणि सीट एवढं भरलेलं असतं. पावती हरवली म्हणून करार रद्द होत नाही. तुम्ही प्रवासी आहात हे कंपनीच्या कॉम्प्युटरला आधीच माहिती असतं.

मग एवढी धावपळ का करतात? तर अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांचं ऑनलाईन चेक-इन उड्डाणाच्या २४ तास आधी उघडतं. क्रूझचं जहाज बंदराला लागतं पहाटे आणि लोक दुपारचं विमान धरतात. म्हणजे चेक-इन उघडतं तेव्हा जहाज हमखास भर समुद्रात असतं. अमेरिकन क्रूझवाल्यांची ही जुनीच डोकेदुखी आहे आणि ती सगळ्यात जास्त झाली साउथवेस्ट एअरलाईन्समुळे. या कंपनीत सीट नंबरच नसायचे. जो आधी चेक-इन करेल त्याला विमानात आधी चढायचा नंबर आणि आधी चढेल त्याला हवी ती जागा, असा एसटीत खिडकीतून रुमाल टाकण्यासारखा प्रकार होता. २४ तासांचा ठोका पडला की लोक सेकंदाच्या हिशोबानं बटण दाबायचे. समुद्रात असलेले लोक तेवढ्यासाठी जहाजाचं इंटरनेट विकत घ्यायचे. साउथवेस्टनं २७ जानेवारी २०२६ पासून ठरलेल्या सीट द्यायला सुरुवात केली आणि ती शर्यत संपली. पण "२४ तास आधी चेक-इन नाही केलं तर वाट लागली" ही समजूत काही गेलेली नाही.

खरं काय ते बघू. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या, म्हणजे अमेरिकन, डेल्टा, युनायटेडच्या देशांतर्गत फ्लाइटला तुम्ही चेक-इन न करता विमानतळावर गेलात तरी तिथल्या मशीनवर बोर्डिंग पास फुकट निघतो. आपल्याकडे गेटवरचा सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाही, तसं तिथे नाही. विमानतळाच्या इमारतीत कुणीही चालत जाऊ शकतो. पुढे सिक्युरिटीला तर बऱ्याच ठिकाणी आता फक्त ओळखपत्र मशीनमध्ये घालतात आणि तुमचं आज विमान आहे की नाही हे मशीनच सांगतं. आईबाबांसाठी ते ओळखपत्र म्हणजे भारतीय पासपोर्ट.

उशिरा चेक-इन करण्यात धोका अजिबात नाही असंही नाही. सगळ्यात स्वस्तातलं तिकीट असेल तर सीट चेक-इनच्या वेळी मिळते, मग नवरा बाराव्या रांगेत आणि बायको एकतिसाव्या रांगेत असं होऊ शकतं. दुसरं, कंपन्या कधी कधी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर आधी स्वखुशीनं थांबणारे शोधतात. तसे मिळाले नाहीत तर कुणाला खाली ठेवायचं हे कंपनीच्या नियमांनी ठरतं आणि त्यात "कोणी किती वाजता चेक-इन केलं" हाही एक निकष असू शकतो. भरपाई मिळते, पण त्या दिवशी घरी पोचणं होत नाही.

म्हणून चेक-इन आदल्या दिवशी झालेलं बरंच. प्रश्न फक्त ते कोणी करायचं हा आहे.

इथेच बहुतेकांच्या लक्षात न येणारी सोपी गोष्ट आहे. चेक-इन प्रवाशानंच करावं असं काही नाही. पीएनआर आणि आडनाव माहिती असेल तर जगात कुठेही बसून ते करता येतं. लेक न्यू जर्सीत सोफ्यावर बसून दोन मिनिटांत आईबाबांचं चेक-इन करू शकते आणि पासची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवू शकते. सकाळी जहाज किनाऱ्याजवळ आलं, रेंज आली की फोन टिंग करतो आणि पास हजर. घरचं कुणी नसेल तर ज्या एजंटनं तिकीट काढलं त्याला सांगून ठेवायचं. फक्त जहाजावर चढायच्या आधी पीएनआर त्यांच्याकडे पोचलाय ना, एवढं बघायचं.

यात आपल्या नावांचा एक खास घोटाळा होतो. आपल्या पासपोर्टवर "नाव" या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिकीट काढताना कुणी मधलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतं, कुणी दोन शब्द जोडून टाकतं. मग वेबसाईट म्हणते, असं बुकिंगच सापडत नाही. तिकिटावर आडनाव जसं छापलंय तसंच्या तसं टाकावं लागतं. हे घरी असताना एकदा करून बघितलेलं बरं, ऐन वेळी नको.

घरून कुणी करणारं नसेल तर जहाजावरचं गेस्ट सर्व्हिसेसचं काऊंटर आहे. काही जहाजांवर तिथे चेक-इन करून पासची प्रिंट देतात, पण शेवटच्या संध्याकाळी तिथली रांग बघण्यासारखी असते. फ्लोरिडातून निघणाऱ्या काही क्रूझवर आणखी एक सोय विकत मिळते. आदल्या रात्री केबिनमध्येच बोर्डिंग पास आणि विमानाचे बॅग टॅग आणून देतात आणि बॅगा जहाजातून परस्पर विमान कंपनीकडे जातात. पण ही सोय साधारणपणे अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या ठरावीक कंपन्यांसाठीच असते. थेट मुंबईचं विमान असेल तर तिच्यावर विसंबू नका.

आणि हो, भर समुद्रात फोन एअरोप्लेन मोडवरच ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि नेहमीचा इंटरनॅशनल रोमिंग पॅक त्याला सहसा लागू होत नाही. वायफायचे २५ डॉलर वाचवायला गेलेला माणूस या बिलानं घाम पुसतो.

मग पैसे कापतात ते कुठे?

आता जागा बदलू. क्रूझ मायामीची नाही तर भूमध्य समुद्रातली आहे, बार्सिलोनाला संपतेय आणि तिथून लंडनला परतायचं स्वस्त तिकीट रायनएअरचं आहे. इथे वर सांगितलेलं सगळं उलटं होतं.

रायनएअरमध्ये ऑनलाईन चेक-इन फुकट, पण ते उड्डाणाच्या दोन तास आधी बंद होतं. त्यानंतर विमानतळावर चेक-इन करायचं तर माणशी ५५ पौंड किंवा ५५ युरोपर्यंत मोजावे लागतात. दोघांचे मिळून कधी कधी तिकिटापेक्षा जास्त. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका वयस्कर जोडप्यानं घरून चेक-इन केलं, पण चुकून जायच्या ऐवजी यायच्या फ्लाइटचं. विमानतळावर त्यांच्याकडून ११० पौंड घेतले. त्यांच्या मुलीनं ते सोशल मीडियावर टाकलं आणि जगभर बोंब झाली. कंपनी मात्र म्हणाली, नियम म्हणजे नियम.

त्यात १२ नोव्हेंबर २०२५ पासून रायनएअरनं कागदी पास बंद करून सगळं अॅपवर आणलंय. चेक-इन आधी झालेलं असेल आणि नंतर फोन बंद पडला किंवा हरवला तर विमानतळावर फुकट मदत मिळते. चेक-इनच झालेलं नसेल तर दंड.

क्रूझवाल्यांसाठी यात एक वाट आहे. सीट फुकट, आपोआप मिळणारी घेतली तर चेक-इन २४ तास आधीच उघडतं, म्हणजे तुम्ही जहाजावर असताना. पण सीट पैसे देऊन निवडली तर ६० दिवस आधीपासून चेक-इन करता येतं. सीटचे पैसे दंडापेक्षा बरेच कमी असतात. क्रूझ सुरू व्हायच्या आधीच हॉटेलच्या वायफायवर परतीचा पास फोनमध्ये घेऊन ठेवायचा आणि निवांत जहाजावर चढायचं. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा दाखवायला काऊंटरवर जावं लागू शकतं, तेवढा वेळ हाताशी ठेवायचा.

अमेरिकेतही फ्रंटियरसारखी स्वस्तातली कंपनी काऊंटरवरच्या माणसाकडून चेक-इन करून घेतलं तर जादा पैसे लावते. त्यामुळे तिकीट कोणत्या कंपनीचं आहे, हा पहिला प्रश्न.

आपल्याला हे विचित्र वाटतं कारण भारतात तसं चालत नाही. इंडिगो विमानतळावरच्या चेक-इनसाठी २०० रुपये घ्यायची. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं सांगितलं की काऊंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत. त्यामुळे मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ करून आलात आणि पुढे नागपूरचं विमान असेल, तर आधी चेक-इन झालं नाही म्हणून खिशाला चाट बसत नाही. रांग मात्र लागते.

घरी म्हणजे भारतात यायचं असेल तर?

सिंगापूरची क्रूझ आपल्याकडच्या टूरमध्ये बरीच विकली जाते. तिथून मुंबईला येताना थोडा दिलासा आहे. सिंगापूर एअरलाईन्स, एमिरेट्स अशा कंपन्यांचं चेक-इन ४८ तास आधी उघडतं, म्हणजे जहाज मधल्या एखाद्या बंदरात उभं असताना, तिथल्या नेटवर्कवरही काम होऊन जातं. मात्र आंतरराष्ट्रीय विमानासाठी चेक-इन करताना पासपोर्ट नंबर लागतो आणि आशियातल्या काही क्रूझवर पासपोर्ट जहाजाचा स्टाफ जमा करून घेतो. फोनमध्ये पासपोर्टचा फोटो असला तर अडत नाही. ऑनलाईन चेक-इन होऊनही "कागदपत्रं काऊंटरवर दाखवा" असा मेसेज आला तर घाबरू नका, आंतरराष्ट्रीय फ्लाइटला ते नेहमीचं आहे.

खरी विमानं चुकतात ती पासमुळे नाही, वेळेमुळे. जहाज सकाळी सहाला लागलं तरी लोक टप्प्याटप्प्यानं उतरवतात. शेवटचा गट खाली यायला नऊ-साडेनऊ होतात, पुढे इमिग्रेशन, मग बॅगा शोधणं. मायामी बंदर ते मायामी विमानतळ १३ किलोमीटर, फोर्ट लॉडरडेलला तर जेमतेम तीन. पण पोर्ट कॅनव्हरल ते ऑर्लँडो विमानतळ ७० किलोमीटरच्या वर आहे. अमेरिकेत देशांतर्गत फ्लाइटला बॅग द्यायची वेळ बऱ्याच कंपन्यांत उड्डाणाच्या ४५ मिनिटं आधी संपते. हातात चकचकीत बोर्डिंग पास असला तरी ४४ व्या मिनिटाला बॅग घेत नाहीत. म्हणून दुपारी बाराच्या आधीचं विमान घेऊच नका. आधीचं घेतलंच असेल तर बॅगा स्वतः ओढत सगळ्यात पहिल्या गटात उतरा. क्रूझवाले त्याची परवानगी देतात.

बाकीच्यांच्या मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, फोनचा चार्जर आणि पासची प्रिंट त्या बॅगेत गेली की सकाळी माणूस पायजम्यात हताश उभा राहतो. हे सामान खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पास फोनमध्ये असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ऐन गेटवर अॅप लॉगआऊट होतं आणि ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर, जो रोमिंग नसल्यानं बंद असतो.

आणि तो पास स्टोरीला टाकायचा मोह होईल तर थांबा. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांनी २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. एका तरुण हॅकरनं त्यावरचा बुकिंग कोड वापरून विमान कंपनीच्या वेबसाईटवर लॉगिन केलं आणि त्याला अॅबट यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर मिळाला. त्यानं तो सरकारला कळवला, हे अॅबट यांचं नशीब. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर लेक घरबसल्या आईबाबांचं चेक-इन करू शकते, तर तेवढ्यावरच दुसरा कुणीही त्यांचं बुकिंग उघडू शकतो.