मेमरी लीक : गळती माहितीची नव्हे, जागेची

खुर्सीपार (भिलाई) : खुर्सीपारमधील एखाद्या दुकानदाराच्या हातातील अँड्रॉइड मोबाइल आणि पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणक या दोहोंच्या गाभ्याशी एकच सॉफ्टवेअर असते : लिनक्स कर्नेल. त्यामुळे कर्नेलमधील ‘मेमरी लीक’ ही त्रुटी केवळ तज्ज्ञांपुरता विषय राहत नाही.

नावामुळे अनेकदा गैरसमज होतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ त्रुटीमुळे मेमरीतील संरक्षित माहिती वाचता येत होती. मेमरी लीकमध्ये माहिती बाहेर जात नाही. वाया जाते ती उपकरणाच्या रॅममधील जागा.

ॲपना रॅममध्ये जागा देणे आणि काम संपताच ती परत घेणे, ही कर्नेलची जबाबदारी असते. एखाद्या ॲपने जागा अडवून ठेवली, तरी ते बंद होताच कर्नेल ती ताब्यात घेते. मात्र कर्नेलनेच स्वतःच्या कामासाठी घेतलेली जागा मोकळी करायची राहून गेली, तर ती परत घेणारे कोणीच नसते. उपकरण पुन्हा सुरू होईपर्यंत ती अडकून पडते.

‘सीव्हीई-२०१९-१९०६२’ या क्रमांकाने नोंदवलेली त्रुटी याच प्रकारची होती. कर्नेलच्या कूटलेखन विभागातील एक फंक्शन उत्तर तयार करण्यासाठी मेमरी घेत असे. मध्येच अडचण उद्भवल्यास ती न सोडताच ते बाहेर पडत असे. आवृत्ती ५.३.११ पर्यंत हा दोष होता. त्यावरील दुरुस्ती अगदी छोटी होती : अपयशाच्या वाटेवरही घेतलेली जागा मोकळी करणे.

एकदा झालेली गळती सहसा जाणवतही नाही. पण तीच चूक हजारो वेळा मुद्दाम घडवून आणता आली, तर दोषाचे रूपांतर सुरक्षा-त्रुटीत होते. रॅम संपत आली की कर्नेल चालू प्रोग्रॅम बंद करू लागते; अखेरीस यंत्रणा ठप्प होऊ शकते. असा हल्ला करण्यासाठी बहुधा त्या उपकरणावर आधीच प्रवेश मिळवावा लागतो. त्यामुळे अनेक जण एकत्र वापरत असलेल्या सर्व्हरला याचा धोका अधिक असतो.

अशा चुका शोधण्यासाठी २००९ पासून कर्नेलमध्येच ‘केमेमलीक’ हे साधन आहे. घेतलेल्या, पण ज्यांचा पत्ता कुठेच नोंदलेला नाही, अशा मेमरीच्या तुकड्यांचा ते मागोवा घेते. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नेलचे विकासक आपल्या त्रुटींना स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात. भारतात केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था त्रुटींबाबत इशारे प्रसिद्ध करते.

उपकरण बंद करून पुन्हा सुरू केल्यास अडकलेली जागा मोकळी होते, पण मूळ दोष कायम राहतो. तो दूर होतो केवळ सुधारित आवृत्तीमुळे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ही सुधारणा साधारणपणे उत्पादक कंपनीच्या अपडेटमधून पोहोचते. ज्या जुन्या मोबाइलसाठी कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे, त्यांच्या वापरकर्त्यांपर्यंत मात्र तयार असलेली दुरुस्तीही पोहोचत नाही. म्हणूनच मोबाइल घेताना सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे किमतीइतकेच काळजीपूर्वक पाहणे आवश्यक ठरते.