कोंग्सफ्योर्डच्या काठावरचं आपलं घर

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. मृग आणि आर्द्रा इथं तोंडदेखली हजेरी लावून जातात. शेतकऱ्याचा भरवसा पूर्वा, उत्तरा आणि हस्तावर. सप्टेंबर हा इथला सर्वांत जास्त पावसाचा महिना. त्या पावसानं काळी जमीन भिजली की ज्वारी पेरायची आणि पुढं जमिनीतल्या ओलीवर, थंडीवर ती पोसायची, हे मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडचं गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मी राहतो त्या भवानी पेठेत शेतं नाहीत, यंत्रमाग आहेत. पण पेठेतल्या पिठाच्या गिरणीत दळली जाणारी ज्वारी आणि घराघरांतली कडक भाकरी त्याच सप्टेंबरवर उभी आहे. या पावसाचा माग काढत आपली माणसं जगाच्या कुठल्या टोकाला जाऊन राहिली आहेत, हे सोलापूरकराला ठाऊक असायला हवं. ते टोक म्हणजे उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, समुद्रकाठी वसलेलं नी-ऑलेसुन्ड हे गाव, आणि त्या गावातलं भारताचं संशोधन केंद्र ‘हिमाद्री’.

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंग्सफ्योर्ड ही खाडी आत शिरते. तिच्या दक्षिण काठावर, जवळपास ७९ अंश उत्तर अक्षांशावर हे गाव. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे, यावरून अंतराचा अंदाज यावा. गावाबाहेर जाणारा रस्ता नाही. लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य वस्तीतून छोटं विमान अर्ध्या तासाच्या आत इथं उतरवतं, नाहीतर बोट. हिवाळ्यात तीस-पस्तीस माणसं, उन्हाळ्यात शंभराच्या वर. त्यांत पिढीजात रहिवासी कुणीच नाही.

गाव वसलं ते कोळशासाठी. १९१६ मध्ये नॉर्वेतल्या ऑलेसुन्ड शहराच्या व्यापाऱ्यांनी किंग्ज बे कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी खाणकाम सुरू झालं. खाणी पुन्हा पुन्हा माणसं घेत राहिल्या. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ कामगार गेले, आणि तिथं कोळसा काढणं कायमचं थांबलं. खाण तोवर सरकारी मालकीची झाली होती. चौकशी अहवालावरून नॉर्वेच्या संसदेत एवढं वादळ उठलं की १९६३ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान एइनार गेर्हार्दसेन यांच्या सरकारला पायउतार व्हावं लागलं. जगाच्या टोकावरच्या इवल्याशा गावातल्या मजुरांच्या मरणाचा जाब राजधानीत विचारला गेला आणि सरकार गेलं, ही गोष्ट गिरणी कामगारांच्या शहरातल्या माणसाला विशेष लागते. किंग्ज बे कंपनी आजही आहे, पण आता ती संशोधकांना घरं, वीज आणि जेवण पुरवते.

त्या काळाच्या खुणा गावात जपून ठेवल्या आहेत. कोळसा वाहणारं छोटं वाफेचं इंजिन आपल्या डब्यांसह रुळांवर उभं आहे. गावाबाहेर एक उंच लोखंडी मनोरा आहे. हवाई जहाज बांधून ठेवण्यासाठी तो उभारला होता. ११ मे १९२६ रोजी ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज रोआल्ड आमुन्डसेन, लिंकन एल्सवर्थ आणि उम्बेर्तो नोबिले यांना घेऊन इथून निघालं, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेलं आणि अलास्कात उतरलं. दोन वर्षांनी नोबिले यांचं ‘इटालिया’ बर्फावर कोसळलं. त्यांच्या शोधासाठी विमानातून निघालेले आमुन्डसेन परत आलेच नाहीत. त्यांचा पुतळा गावाच्या मधोमध आहे.

खाडीच्या पलीकडं दिसतं ते ब्लोमस्ट्रान्ड. १९११ च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजानं तिथं संगमरवराची खाण काढली आणि वस्तीला नाव दिलं नी-लंडन. पण हजारो वर्षं गोठलेल्या त्या दगडाला भेगा होत्या. बाहेर काढल्यावर तो ठिसूळ निघाला आणि सगळा बेत फसला. तिथली काही घरं पुढं उचलून नी-ऑलेसुन्डला आणली गेली. त्याहून मोठी गोष्ट त्या भूमीचीच आहे. नकाशावर तिचं नाव आजही द्वीपकल्प असंच आहे, कारण एका हिमनदीनं ती मुख्य बेटाला जोडलेली होती. हिमनदी मागं हटत गेली आणि १९९० च्या दशकात मधून समुद्र वाहू लागला. हे बेट आहे, हे तेव्हा कळलं. तापमानवाढ डोळ्यांनी पाहायची तर याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही.

भारताचा इथला हक्क जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारानं बेटांवरचं सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथं व्यवसायाची समान मुभा ठेवली. ब्रिटिश हिंदुस्थानचाही त्यात समावेश होता. त्या कराराचा आपण उपयोग केला तो मात्र फार उशिरा. २००७ च्या ऑगस्टमध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम गेली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’चं उद्घाटन झालं. दुमजली लाकडी घर, एरवी आठ माणसं राहतील एवढं. कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडं. अंटार्क्टिकावरची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रंही तेच चालवतं.

नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स, चीन, जपान, दक्षिण कोरिया, इटली, ब्रिटन, नेदरलँड्स या सगळ्यांचे तळ याच गावात, एकमेकांच्या शेजारी. जेवण सर्वांचं एकाच भोजनगृहात. गावात अनेक वर्षं वायफाय आणि ब्लूटूथला बंदी होती, कारण दूरच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपून पृथ्वीच्या हालचाली मोजणारे अँटेना तिथं आहेत. गावाची हद्द ओलांडायची तर ध्रुवीय अस्वलांमुळं खांद्यावर रायफल हवी आणि ती चालवण्याचं शिक्षण आधी घ्यावं लागतं. घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल समोर आलं तर कुणालाही जवळच्या घरात शिरता आलं पाहिजे.

ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य इथं फेब्रुवारीच्या मध्याशिवाय क्षितिजावर येत नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात वेदांतल्या दीर्घ उषेचा संबंध अशाच ध्रुवप्रदेशाशी जोडला होता. त्यांचा सिद्धांत आजचे अभ्यासक मानत नाहीत. पण मराठी माणसाला आर्क्टिकचा विचार करायला त्यांनी लावलं, हे खरं.

‘हिमाद्री’त काम काय चालतं? हिमनद्यांची घट-वाढ मोजणं, खाडीतल्या पाण्याचा आणि सूक्ष्मजीवांचा अभ्यास, हवेतल्या धूलिकणांची आणि काजळीची नोंद. २०१४ च्या जुलैमध्ये कोंग्सफ्योर्डच्या सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही यंत्रणा नांगरून ठेवली गेली. पाण्याचं तापमान, क्षारता आणि प्रवाह ती वेगवेगळ्या खोलीवर वर्षभर टिपते. अटलांटिकचं कोमट पाणी खाडीत किती शिरतं, हे त्यावरून कळतं. गावालगतच्या ग्रुवेबाडेट इथल्या प्रयोगशाळेत पाऊस आणि हिम मोजणारा छोटा रडार व ढगांची उंची मोजणारं उपकरण आहे. २०२३ पर्यंत आपले शास्त्रज्ञ मुख्यतः उन्हाळ्यातच जात. त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिली हिवाळी तुकडी गेली आणि भर अंधारातही केंद्र चालू राहिलं.

आता सप्टेंबरकडं येतो. २०२१ मध्ये गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वालबार्डच्या पूर्वेला असलेल्या कारा समुद्रावरचा बर्फ उन्हाळ्यात घटला की वातावरणाच्या वरच्या थरातल्या लहरी बदलतात. युरोपवरून आशियाकडं येणारा हा बदल आणि तापलेला अरबी समुद्र यांची गाठ पडली की भारताच्या मध्यभागात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला पोषक स्थिती तयार होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं आहे. मागावरच्या ताण्याचा एक कोपरा सैल झाला की नक्षी दुसऱ्याच टोकाला बिघडते, हे पेठेत कुणालाही समजतं, हवेचंही तसंच. शास्त्रज्ञांनी ‘शक्य संबंध’ एवढंच म्हटलं आहे आणि तो शब्द आपणही सोडू नये. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं माढा-मोहोळकडं जे केलं, त्याचं खापर थेट दूरच्या बर्फावर फोडता येणार नाही. पण आपला भरवशाचा महिनाच बेभरवशाचा होत असेल, तर त्याची कारणं शोधणारं घर आपल्याला परकं राहता कामा नये.

या शोधाचं दुसरं टोक सोलापुरातच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला तळ ठेवून ढगांत बीजारोपण करण्याचा प्रयोग केला, कारण आपण पर्जन्यछायेत येतो. बीजारोपण केलेल्या ढगांखाली सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचा निष्कर्ष पुढं प्रसिद्ध झाला. ‘हिमाद्री’च्या पहिल्या हिवाळी तुकडीत याच संस्थेचा एक शास्त्रज्ञ होता.

ज्वारीनंही तो किनारा गाठला आहे. लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरात, उणे १८ अंश तापमानात जगभरच्या पिकांचं बियाणं राखून ठेवणारं भांडार २००८ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या ‘इक्रिसॅट’नं तिथं एक लाखाहून जास्त नमुने पाठवले आहेत: ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग. आपल्या ताटातलं बहुतेक सगळं. सीरियातल्या युद्धात अलेप्पोची बियाणं-पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये याच भांडारातून बियाणं काढून पुन्हा पेरलं गेलं. म्हणजे ही व्यवस्था कागदावरची नाही.

गोव्याचं केंद्र आर्क्टिक मोहिमांसाठी देशभरातल्या विद्यापीठांकडून संशोधन-प्रस्ताव मागवतं. आपल्या सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे आणि दुष्काळ व अतिवृष्टी दोन्ही सोसलेला जिल्हा त्याच्या दारात आहे. तिथल्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी सप्टेंबरचा पाऊस हा विषय घेऊन प्रस्ताव पाठवावा. आणि भवानी पेठेतल्या ज्या घरांत मुलं विज्ञान शाखेत शिकत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी ‘हिमाद्री’ हे नाव मुलांना आजच सांगावं.