मांचुरियाचे सोयाबीन, वऱ्हाडची कढई

दिवेलागण होऊन तासभर उलटला, की अमरावतीच्या राजापेठेत काय आणि अकोल्याच्या गांधी रोडवर काय, दिवसाच्या व्यापाराची दारे ओढली जाऊ लागतात आणि त्याच रस्त्यांच्या कडेला दुसऱ्याच एका व्यापाराचा अंमल सुरू होतो. गिल्या वड्याच्या नि आलूबोंड्याच्या जुन्या वहिवाटदारांना खेटून आता लाल अक्षरांतली ‘चायनीज’ची गाडी उभी असते. तिच्याभोवती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरे, बाजारातून परतणारे कास्तकार आणि मुलाबाळांसह आलेली नोकरदार कुटुंबे अशी काही दाटी करतात, की प्लॅस्टिकच्या एका खुर्चीसाठी दोन उमेदवार हटकून ठरलेले.

एखाद्या गुणी कारागिराचे काम पाहावे तसे या गाडीवरचे काम पाहण्याजोगे असते. कोबी किसून, त्यात मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरी मिसळून गोळे आधीच तळून परातीत रचलेले असतात. नूडल्स उकडून, तेलाचा हात फिरवून मोकळ्या केलेल्या असतात. त्यामुळे गिऱ्हाईकाचा हुकूम सुटल्यावर मुख्य काम उरते ते आचेचे. लोखंडी कढई धूर येईतो तापते, तेल पडते, लसूण, आले नि हिरवी मिरची क्षणार्धात तडतडते, मागोमाग कोबी, गाजर, ढोबळी मिरची, मग काळा सोया सॉस, लाल मिरचीचा सॉस, व्हिनेगरचे चार थेंब, चिमूटभर अजिनोमोटो आणि शेवटी पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर. कढईच्या कडेने ज्वाळा आत शिरते नि भाजीला तो किंचित धुरकट वास लागतो, जो घरच्या गॅसवर कितीही खटपट केली तरी साधत नाही. “भाऊ, तिखट बेताचंच ठेवजा,” असे एखादी बाई बजावते, आणि भाऊ मान डोलावून आपल्या मनाचेच तिखट घालतात.

मंचुरियन हा पदार्थ चीनचा नव्हे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची वंशावळ मात्र मनोरंजक आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत कलकत्त्याजवळ चिनी वस्तीचा पाया पडला. पुढे हाक्का समाजाच्या लोकांनी त्या शहराच्या टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले आणि त्यांच्याच आसऱ्याने भोजनगृहेही उभी राहिली. १९६२च्या युद्धात यांपैकी अनेक निरपराध कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, ही आपल्या सरकारी दप्तरातली फारशी अभिमानास्पद नोंद नव्हे. कलकत्त्यातच जन्मलेले नेल्सन वँग पुढे मुंबईत आले, आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात १९७५च्या सुमारास त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची या आपल्या फोडणीवर गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून कोंबडीचे मंचुरियन सिद्ध केले, असे सांगण्यात येते. कलकत्त्याहून नागपूरमार्गे मुंबईस जाणारा लोहमार्ग बडनेरा आणि अकोला या स्थानकांवरूनच जातो. म्हणजे ही विद्या आमच्या दारावरून मुंबईस गेली असण्याचा संभव आहे, पण आमच्याकडे उतरली ती मुंबईचे शिक्कामोर्तब झाल्यावरच. वऱ्हाडच्या वाट्याला बहुतेक गोष्टी अशाच वळशाने येतात! इथे पोचल्यावर कोंबडीची जागा बव्हंशी कोबीने घेतली, तिखट वाढले, आणि चतुर्थीच्या उपवासापुरताच काय तो या पदार्थाला मज्जाव उरला.

याच गाड्यांवर मिळणाऱ्या मोमोची हकीकत त्या मानाने थोडक्यात आटोपते. तिबेट आणि नेपाळकडचा हा उकडीचा पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या मजलेदार भांड्यात वाफवला जातो, आणि सुक्या लाल मिरचीच्या चटणीमुळेच वऱ्हाडी जिभेने त्यास आपलेसे केले असावे. तिबेटी माणूस तर विदर्भास नवखा नाहीच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या परिसरात त्यांची वसाहत १९७० नंतरच्या दशकापासून नांदते आहे.

परंतु या गाडीपाशी उभे राहिल्यावर खरा विचार करावयाचा तो कढईतल्या तेलाचा आणि बाटलीतल्या काळ्या सॉसचा. सोयाबीन ही मूळची चीनची वनस्पती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जगाच्या बाजारास सोयाबीन पुरविणारा अग्रगण्य मुलूख म्हणजे दस्तुरखुद्द मांचुरिया. त्या प्रदेशाचे नाव मिरवणाऱ्या पदार्थात तिथली पाककृती औषधालाही नाही. पण तिथले पीक मात्र वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पक्के ठाण मांडून बसले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, ज्या कापसाने या मुलखाला सोन्याचे दिवस दाखविले, त्याच्या निम्म्याशिम्म्या वावरांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून मध्य प्रदेशाकडून आलेले सोयाबीन शिरले. जूनमध्ये पेरावे, दसऱ्याच्या आगेमागे सोंगावे आणि त्या पैशात दिवाळी करावी, असा त्याचा क्रम. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने नि २० टक्क्यांच्या आतबाहेर तेल, असे असूनही त्याचे वरण कोणी करीत नाही. दाणा जातो तेलगिरणीत, तेल जाते डब्यात नि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे चिकन मंचुरियनची कोंबडीदेखील बहुधा सोयाबीनवरच पोसलेली!

आणि सॉस? अस्सल सोया सॉस म्हणजे शिजवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर विशिष्ट बुरशी वाढवून, ते मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून काढलेला अर्क. स्वस्त बाटलीत बहुधा त्याची नक्कल असते: प्रथिने आम्लाने फोडून, त्यांत साखरेचा करपवलेला रंग मिसळून काही दिवसांत उरकलेली. ज्या मुलखातून सोयाबीनचे ट्रकच्या ट्रक बाहेर जातात, त्याच मुलखाच्या चौकाचौकात ही परगावची नक्कल दर संध्याकाळी बाटल्यांनी रिचवली जाते, हे मला खाण्याच्या अभिरुचीपेक्षा व्यापाराच्या नजरेने अधिक खटकते. पापड, लोणची आणि कुरड्या यांत हात बसलेले बचत गट गावोगाव आहेत, सोयाबीन, गहू आणि ऊन यांचा तुटवडा नाही, आणि अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. त्या विद्यापीठाने बुरशी नि आंबवण्याचे शास्त्र शिकवावे, गटांनी रांजण भरावेत, आणि गाडीवाल्या भाऊंनी पहिली बाटली रोख पैसे देऊन घ्यावी.