मनगटावरचा पीळ

मुलांच्या हातांना काहीतरी काम हवं म्हटलं की लोक मण्यांची पाकिटं आणून देतात. माझ्या पिशवीत मात्र गेली कित्येक वर्षं सायकलचा एक वाकवलेला स्पोक आणि लोकरीचे गुंडे असतात. भाचरं, शेजारची पोरं, लग्नात कंटाळलेली वऱ्हाडातली मुलं, जे कोणी सापडेल त्याला दोरी वळायला बसवायचं आणि ती त्याच्याच मनगटाला बांधायची, हा माझा नाद.

दोरी वळायची फिरकी घरीच होते. दोऱ्याच्या रिकाम्या रिळातून स्पोक घालायचा, एका टोकाला आकडा वळवायचा, दुसरं टोक दोनदा काटकोनात वाकवून दांडी करायची आणि टोकं कानशीने घासून बोथट करायची. रीळ डाव्या मुठीत धरायचं, उजव्या हाताने दांडी फिरवायची. बॅटरीवरच्या फिरक्या मला पसंत नाहीत. पीळ किती चढला ते बोटांना कळायला हवं.

मीटरभर लांबीचे लोकरीचे चार पदर घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं आकड्याला, आणि ताण ठेवून फिरवत राहा. विकतच्या लोकरीत मुळातच पीळ असतो. तो सुटायला लागला तर उलटं फिरवा. मुलं फार लवकर ‘झालं!’ म्हणतात. ऐकू नका. ताण जरासा सैल केल्यावर लोकरीत आपोआप वेटोळं उठलं, तर झालं.

आता खरी गंमत. मध्यावर एक किल्ली अडकवा आणि ताण न सोडता गजाकडचं टोक आकड्याकडच्या टोकाशी आणा. किल्लीवरचा हात काढला की ती गरागरा फिरायला लागते आणि दोन्ही बाजू एकमेकींवर चढत जातात. पोरं ओरडतात, मीही ओरडतो. पिळलेल्या प्रत्येक बाजूला उलगडायचं असतं आणि उलगडता उलगडता ती शेजारणीला वेढते. आतला पीळ एका दिशेचा, बाहेरचा उलट दिशेचा. एक सुटू पाहतो तेव्हा दुसरा आवळतो. टोकाशी गाठ मारली की हे भांडण कायमचं अडकून बसतं. गोठ्यातलं दावं काय, विहिरीवरचं चऱ्हाट काय, सगळी याच भांडणावर टिकून आहेत. मीटरभर लोकरीची साधारण चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर दोरी होते. लहान मनगटाला दोन वेढे सहज बसतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. फ्रान्समधल्या आब्री द्यु मरास इथे निअँडरथल माणसाच्या दगडी हत्यारावर तीन पदरी दोरीचा जेमतेम ६ मिलिमीटरचा तुकडा सापडला. वय ४० हजार वर्षांहून जास्त, आणि पीळ असाच दुहेरी, उलटसुलट. आपल्याकडे १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर, हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नयी तालीमच्या शाळांतून मुलांच्या हाती सूत कातायची टकळी आली.

माझा जीव जडलाय तो बल्गेरियातल्या मार्तेनित्सावर. १ मार्चला तिथे लाल-पांढरी पिळाची दोरी एकमेकांच्या मनगटाला बांधतात. करकोचा, पाकोळी किंवा बहरलेलं झाड दिसेपर्यंत ती हातात ठेवायची, मग झाडाच्या फांदीला बांधायची. रुमानिया, मोल्दोवा आणि उत्तर मॅसिडोनियातही हा दिवस पाळतात. २०१७ साली युनेस्कोने या प्रथांची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आपलं श्रावणातलं सुताचं पोवतं मात्र स्पंज आणि चमकीच्या राख्यांखाली दबून गेलं, हे मला बरं वाटत नाही.

मार्तेनित्सासारखा लाल-पांढरा वेढा हवा असेल तर दोन्ही रंग शेजारी धरून पिळू नका. नुसता चट्टेरीपट्टेरी गोंधळ होतो. अर्धा मीटर लाल आणि अर्धा मीटर पांढरी लोकर टोकाला टोक बांधून जोडा आणि दुमडताना किल्ली बरोबर त्या गाठीवर अडकवा.

या सुटीत एखादा जुना स्वेटर उसवायला काढा. उसवलेली लोकर कुरळी असते. लडी करून धुवा आणि खाली वजन टांगून वाळवा, सरळ होते. दोरी हातातून सहज निघेल इतकी सैल बांधा, आणि तान्ह्या बाळाला मात्र बांधू नका.