दम्याला गोळी आहे, ताटाचे काय?

लिंबागणेशसारख्या बीड जिल्ह्यातील गावांतून जोडपी ऊसतोडीला जातात. कोपीत तीन दगडांची चूल. वर्षानुवर्षे तो धूर गिळून, बिडीला कधी न शिवलेली बाईसुद्धा पन्नाशीत धापा टाकू लागते. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, गाव दमा म्हणते. 'प्रोटीन खा' असे सांगून तिला वाटेला लावले जाते. घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईने ते आणायचे कोठून?

आम्ही साध्या भाषेत सांगतो. खराब फुप्फुसाला नुसत्या श्वासालाच जास्त ताकद लागते. अन्न कमी पडले की शरीर स्वतःचेच मांस जाळते, श्वासाचे स्नायूही झिजतात. पण पोट गच्च भरले तरी धाप वाढते. म्हणून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे. अंडे, सुकट, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याचा कूट. वाळलेल्या रोग्याच्या कालवणात चमचाभर तेल जास्तच घालावे; घरचे पथ्य म्हणून नेमके तेच आधी तोडतात! भाकरी कोरडी नको, कुस्करून खावी. आणि बाईने आधी जेवावे.

स्वस्त मांसाचे म्हणाल, तर २०१५ च्या कायद्याने बैलाचेही बंद केले.

टीबीच्या रोग्याला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये ठरले. उपचार संपले की तेही थांबतात. जंतू गेले, फाटके फुप्फुस उरले! त्याच्या भाकरीची नोंद सरकारच्या कोणत्या वहीत आहे?