जोडणी तुटते ती कुठे?

भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या मोबाइल दुकानांत काउंटरवर ब्लूटूथने जोडायच्या वस्तूंबद्दल येणाऱ्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात: ‘पेअरच होत नाही’, ‘कनेक्टेड दाखवते पण आवाज येत नाही’, ‘एकच कान वाजतो’, ‘घड्याळ फोनला सापडत नाही’. त्या तक्रारींचा शेवटही ठरलेला असतो. वस्तू खराब निघाली असे म्हणत ग्राहक नवी वस्तू घेऊन घरी जातो आणि जुनी कपाटात पडते. माझे म्हणणे असे की, यातल्या पुष्कळ वस्तू धडधाकट असतात. फोन ठीक असतो, इअरबडही ठीक असतो. बिघाड असतो तो दोघांनी एकमेकांची जी ओळख साठवून ठेवली आहे तिच्यात, दोघांमधल्या हवेत, किंवा फोनने अडवून धरलेल्या एखाद्या परवानगीत. या तीन जागा तपासायला ना हत्यार लागते ना पैसा. लागतो तो क्रम, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम.

हे पटण्यासाठी आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल. ब्लूटूथचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून त्यासाठी संघ स्थापन केला. या तंत्राच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात धावतात, आणि भारत सरकारने हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. परवाना नाही म्हणून तिथे गर्दी आहे. वायफाय, कॉर्डलेस माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळी मंडळी त्याच पट्ट्यात. या गर्दीतून वाट काढण्यासाठी नेहमीचे ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलते. एका एसटीत दहा जण इअरबड लावून बसले तरी एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानात जात नाही, ते यामुळे आणि दुसऱ्या एका व्यवस्थेमुळे. पहिल्यांदा पेअर करताना दोन उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी तीच किल्ली जुळवून पाहिली जाते. बहुसंख्य तक्रारींचे मूळ या किल्लीत आहे.

फोन रीसेट केला किंवा नवा घेतला की फोनकडची किल्ली जाते, पण इअरबडकडे जुनी राहते. इअरबड जुन्या ओळखीवर अडून बसतो, फोन ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ एवढेच सांगतो, आणि आपण दहा वेळा ब्लूटूथ बंद-चालू करत बसतो. त्याने काही होत नाही, कारण बंद-चालू केल्याने किल्ली पुसली जात नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या वस्तूच्या नावावर जाऊन ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’ करावे, इअरबडही त्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे रीसेट करावेत, आणि मग नव्याने पेअर करावे. पुसायचे ते दोन्हीकडचे. एकीकडचे पुसले तर भांडण तसेच राहते. दुसरा नेहमीचा प्रकार एकत्र कुटुंबातला. एकच इअरबड तीन फोनांना जोडलेला असतो. डबीतून बाहेर काढला की तो आधी जोडलेला फोन शोधतो, आणि तो फोन पलीकडच्या खोलीत मुलाच्या हातात असतो. इकडे आई ‘याला काय झालं’ म्हणून डबी उघडझाप करत राहते. अशा वेळी मुलाच्या फोनचे ब्लूटूथ बंद करून पाहिले की उत्तर लगेच मिळते.

यादीत दिसणारे नाव म्हणजे वस्तूची खात्रीची ओळख नव्हे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात विधानसभेच्या मतदानात पोरबंदरला, मतदानयंत्र ब्लूटूथने बाहेर जोडले गेल्याची तक्रार झाली, कारण फोनच्या यादीत ‘ईसीओ १०५’ असे नाव दिसत होते. तपासणीत ते नाव तिथे हजर असलेल्या एकाच्या मोबाइलचे निघाले. एकाच मॉडेलचे दोन इअरबड एका घरात असले, तर यादीतल्या दोन सारख्या नावांतले आपले कोणते, हे ठरवण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: दुसरा जोड डबीत बंद ठेवायचा आणि मग यादी पाहायची.

आता हवेकडे वळू. इथे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला एक गोष्ट चक्रावून टाकते. घरात भिंतीपलीकडेही नीट वाजणारा इअरबड रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीत तुटत-तुटत का वाजतो? मोकळ्या जागेत तर अडथळाच नाही. अडथळा आहे, आणि तो आपले स्वतःचे शरीर आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच आहे. फोन पॅंटच्या उजव्या मागच्या खिशात आणि बड डाव्या कानात असेल, तर लहरींना सगळे धड पार करावे लागते. घरात त्या भिंतींवर, छपरावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात. बांधीत वळसा घालायला भिंतच नसते. म्हणून धुऱ्यावर उभे राहून इअरबडला दोष देण्याआधी फोन बड असलेल्या कानाच्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवून पाहावा. अडखळणे थांबले, तर बिघाड कुठे होता ते कळलेच. घरातला असाच एक छुपा दोष म्हणजे हॉटस्पॉट. फोनचे हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू असेल आणि त्याच फोनवरून इअरबडला आवाज जात असेल, तर दोन्ही कामे एकाच पट्ट्यात एकमेकांच्या वाटेत येतात. सेटिंगमध्ये हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर नेता येत असेल, तर न्यावे.

तिसरी जागा परवानगीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कारण इथे प्रश्न गाण्याचा राहत नाही. साखर मोजण्याचे यंत्र, रक्तदाबाचे यंत्र, श्रवणयंत्र हे आता फोनशी बोलू लागले आहेत. यातली बरीच यंत्रे फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायची नसतात. ती त्यांच्या ॲपमधूनच जोडावी लागतात. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या फोनांत अशी यंत्रे शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली. पहिल्या दिवशी घाईत ‘नको’ वर बोट पडले की यंत्र कायमचे ‘सापडत नाही’. बॅटरी वाचवणारी सेटिंग मागे चालणारे ॲप बंद करते, मग सकाळचे माप फोनवर येतच नाही. म्हातारा माणूस समजतो की यंत्र बिघडले, आणि मोजायचेच सोडून देतो. हे नुकसान पैशांत मोजता येणारे नाही.

रेशन दुकानातही आता अशीच जोडणी आली आहे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून ई-पॉस यंत्राला इलेक्ट्रॉनिक तराजू जोडण्यास उत्तेजन दिले, म्हणजे जेवढे वजन तेवढीच नोंद. हेतू चांगला आहे. मात्र जिथे हा जोड बिनतारी असतो, तिथे तो तुटला की तांदळासाठी रांगेत उभ्या असलेल्या कार्डधारकाची मजुरी बुडते. अशा ठिकाणी तपासणीचा क्रम मराठीत लिहून भिंतीवर लावलेला असायला हवा.

बिघाड शोधण्याच्या शिस्तीचे मोल भंडाऱ्याने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत अनेक केंद्रांवर व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली, आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. त्या यंत्रांत बिनतारी काही नसते. उदाहरण आहे ते निदानाचे. मे महिन्यातले विदर्भाचे ऊन पाहता दोष उन्हावर गेला. नंतर निवडणूक आयोगाने जी कारणे सांगितली ती जास्त नेमकी होती: कॉन्ट्रास्ट सेन्सरवर थेट पडणारा जादा प्रकाश आणि कागदाच्या गुंडाळीने शोषलेला दमटपणा. त्यावर सेन्सरला आडोसा आणि दमटपणा न धरणारा कागद असे उपाय निघाले. नुसते ‘ऊन’ म्हणून थांबले असते, तर हे दोन्ही सुचले नसते.

यावर कोणी म्हणेल, स्वस्त मालच वाईट असतो, त्यात शोधायचे काय? काही माल वाईट असतो, हे मान्य. पण तो वाईट आहे हे सिद्ध करायला अदलाबदल पुरते. तोच इअरबड शेजाऱ्याच्या फोनला जोडावा, आणि आपल्या फोनला दुसरा कोणताही इअरबड जोडावा. इअरबड दोन्ही फोनांवर अडला तर दोष त्याचा. आपल्या फोनवर दोन्ही अडले तर दोष फोनचा. दोन्ही परक्यांशी नीट आणि फक्त एकमेकांशी अडतात, असे दिसले तर किल्ली पुसून नव्याने पेअर करावे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळे ग्राहकाने का करावे? कंपनीने का नाही? खरेच, ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ असे म्हणून गप्प बसणारा फोन ‘समोरच्याकडे जुनी ओळख आहे, दोन्हीकडून पुसा’ असे सांगू शकतो. पुस्तिका मराठीत क्वचितच असते, आणि असली तर अक्षर भिंगाखाली धरावे इतके बारीक. ही मागणी कंपन्यांकडे लावून धरलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत मजुरीचे पैसे खर्चून घेतलेली वस्तू कपाटात टाकणे मला पटत नाही.

खरा बिघाड ओळखण्याच्या खुणाही आहेत. पूर्ण चार्ज करूनही एक बड दहा-पंधरा मिनिटांत मरत असेल, तर त्याची बॅटरी संपली आहे. बड डबीत ठेवल्यावर चार्जचा दिवा लागतच नसेल, तर आधी डबीतल्या पितळी रंगाच्या टिकल्या कोरड्या कापडाने पुसाव्यात, कारण कानातला मळ आणि घाम तिथेच साचतो. त्यानंतरही दिवा नसेल तर दुरुस्ती किंवा वॉरंटी. भर उन्हात दुचाकीच्या डिक्कीत वस्तू ठेवू नयेत, आणि तापलेली वस्तू लगेच चार्जला लावू नये; लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही. दुकानात जाताना ‘चालत नाही’ एवढेच सांगू नये. दुसऱ्या कोणत्या फोनवर चालते, पेअरिंग पुसून पाहिले का, कधीपासून आणि फोनचे कोणते अपडेट आल्यावर सुरू झाले, हे चार शब्दांत सांगावे. एवढे ऐकल्यावर चांगला कारागीर नवे खोके पुढे करण्याआधी तुमचा फोन हातात घेईल.