विकी रॉय : फलाटावरून प्रदर्शनापर्यंत
पश्चिम बंगालमधील पुरुलियाहून वयाच्या अकराव्या वर्षी घरातून पळून नवी दिल्लीच्या स्थानकावर उतरलेला विकी रॉय, उतारूंनी टाकून दिलेल्या बाटल्या वेचून, त्यांत पाणी भरून, त्या सर्वसाधारण डब्यांतील प्रवाशांना विकून गुजराण करीत असे. त्याला आसरा दिला तो 'सलाम बालक ट्रस्ट'ने. आणि ही संस्था, मुंबईच्या पदपथांवरील मुलांचे जीवन रेखाटणाऱ्या मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' या चित्रपटामागोमाग १९८८ साली स्थापन झाली, हे मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे.

निवारा, अन्न व शिक्षण यांची तजवीज महत्त्वाची खरीच. परंतु अशा मुलाची कसोटी लागते ती अठरा वर्षे पुरी होऊन बालगृहाच्या दप्तरातून त्याचे नाव कमी होते त्या दिवशी, असे मला निश्चित वाटते. विकीच्या बाबतीत संस्थेने त्या वेळी हात आखडता घेतला नाही : कॅमेऱ्यासाठी तिने कर्जाऊ रक्कम दिली, ती तो हप्त्याहप्त्याने फेडीत गेला, आणि छायाचित्रकार अनय मान यांच्या हाताखाली उमेदवारी करून २००७ साली त्याने रस्त्यावरील मुलांच्या छायाचित्रांचे आपले पहिले प्रदर्शन भरविले. पुढे न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राची पुनर्बांधणी टिपण्यासाठीही त्याची निवड झाली.

अशा आधाराची तरतूद आता कायद्यातही आहे : २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४६ व्या कलमान्वये बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणास अर्थसाहाय्य देता येते. आणि स्थानकावर विकीसारखे एकटे, भांबावलेले मूल दृष्टीस पडल्यास वाचकांनी १०९८ या बालकांसाठीच्या नि:शुल्क मदत-क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी.